धात, लाज आणि अंडवृद्धी

सेलू म्हटलं की मराठवाड्यातला माणूस परभणीजवळचं सेलू धरतो. हे सेलू वर्ध्याचं. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, कपाशी-सोयाबीन-तुरीच्या तालुक्याचं ठिकाण. बोर धरण आणि त्याच्या भोवतीचं जंगल याच तालुक्यात, केळझरचा गणपतीही याच तालुक्यातला. या बाजूनं एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत गेलं, किंवा विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यानं गेलं, तर गावाबाहेरच्या भिंतींवर एक ठरावीक मजकूर भेटत राहतो. चुन्याच्या पांढऱ्यावर निळी-लाल अक्षरं: धातू जाणे, स्वप्नदोष, लहानपणीच्या चुका, कमजोरी. खाली एखाद्या लॉजचं नाव आणि महिन्यातल्या दोन तारखा. ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ हे शब्द मोठे, पदवी दिसणार नाही इतकी बारीक.

लैंगिक शक्ती वाढवून देण्याची अशी जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ पासून गुन्हा आहे. ‘औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ असं त्या कायद्याचं लांबलचक नाव. कायद्याला सत्तर वर्षं झाली, भिंती काही कोऱ्या राहिल्या नाहीत. याचं कारण पोलिसांत शोधण्यापेक्षा भिंत वाचणाऱ्यात शोधावं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोट्ट्याला आपल्या शरीराबद्दल जे विचारायचं असतं, ते विचारायला त्याच्यापाशी दुसरी जागा नसते. बापाला विचारता येत नाही, सरांना विचारता येत नाही, मित्राला विचारावं तर तो त्याच भिंतीवरचं सांगतो.

या भिंतीनं दोन गोष्टींची उलटापालट करून ठेवली आहे. ज्याला घाबरण्याचं काहीच कारण नाही, त्या वीर्याची धास्ती तिनं पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवली. आणि ज्यासाठी ताबडतोब दवाखाना गाठायला हवा, त्या दुखण्यांबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. वर्धा जिल्ह्यात असं एक दुखणं फार जुनं आहे. त्याचा घाव नेमका पुरुषाच्या अंडकोषावर पडतो. त्याच्याकडे येण्याआधी हे शरीर चालतं कसं, ते बघू.

वृषण, म्हणजे बोलीतल्या गोट्या, शरीराच्या बाहेर का लोंबतात? मेंदू कवटीत आहे, हृदय बरगड्यांत आहे आणि पुढची पिढी घडवणारा अवयव मात्र असा उघड्यावर. उत्तर तापमानात आहे. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड जागा लागते. अंडकोषाची पिशवी तो थंडावा राखते. उन्हाळ्यात ती सैल पडते नि वृषण खाली उतरतात, थंडीत आखडते आणि त्यांना अंगाजवळ ओढून घेते. वृषणाकडे जाणाऱ्या धमनीला शिरांचं जाळं वेढून असतं. वृषणातून परतणारं गार रक्त येणाऱ्या गरम रक्ताची उष्णता वाटेतच काढून घेतं. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो, बहुतेकांचा डावा. शेकडो मुलं याच गोष्टीनं गुपचूप हवालदिल होतात. त्यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

वृषणाच्या आत दोऱ्यासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. वर्धा हा चरख्याचा जिल्हा, तेव्हा सुताची लड डोळ्यांपुढे आणायला कोणाला अवघड जाऊ नये. ही लड उलगडली तर शेकडो मीटर लांब भरेल. या नळ्यांच्या भिंतींवर शुक्रजंतू घडत असतात, दिवसरात्र, वयात आल्यापासून थेट म्हातारपणापर्यंत. दिवसाकाठी त्यांची संख्या कोटींत मोजावी लागते. एक शुक्रजंतू घडायला साधारण ६४ दिवस लागतात. मग तो वृषणाच्या पाठीशी चिकटलेल्या अधिवृषणात उतरतो. ही सुमारे सहा मीटर लांबीची एकच नळी, घड्या घालून बोटाएवढी केलेली. तिथून सरकताना तो पोहायला शिकतो, त्यात आणखी दहा-बारा दिवस जातात. म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंत अडीच महिने. सोयाबीनला लागतात त्याहून थोडे कमी. आज सणसणून ताप आला तर त्याचा फटका शुक्रजंतूंच्या संख्येत दोन-तीन महिन्यांनी दिसतो. बिडी-खर्रा सोडला तर सुधारणाही तितक्याच दिवसांनी दिसते. आठ दिवसांत गुण देणारं औषध कसलं असेल, याचा अंदाज या हिशेबावरून बांधावा.

आता वीर्य. शुक्रजंतू म्हणजे वीर्य, हा समज चुकीचा आहे. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागांचा. साठ-सत्तर भाग येतात मूत्राशयामागच्या शुक्राशयांतून, त्यात शुक्रजंतूंच्या प्रवासाची शिदोरी म्हणून फ्रुक्टोज नावाची साखर असते. उरलेलं बहुतेक पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून येतं. एका वेळचं वीर्य दीड ते पाच मिलिलिटर, फार तर चहाचा एक चमचा, आणि त्यातलं बहुतेक पाणी. थोडी साखर, थोडी प्रथिनं, थोडं जस्त. शरीरानं यासाठी जेवढं खर्चलं, तेवढं भाकरीच्या एका घासात भरून निघतं.

ते साठवून ठेवण्याचीही सोय शरीरात नाही. वापरले न गेलेले शुक्रजंतू जुने होतात, विरघळतात आणि शरीरातच जिरतात, किंवा झोपेत बाहेर पडतात. वयात आलेल्या मुलाची चड्डी रात्री ओली होणं याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात. त्यातला ‘दोष’ हा शब्द भाषेनं घातलेला आहे, शरीरानं नव्हे. मुलीला पाळी येते तसं हे मुलाचं वयात आल्याचं लक्षण. फरक एवढाच की मुलीला कोणी ना कोणी चार शब्द तरी सांगतं.

चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य होतं, हे वाक्य ऐकलं नाही असा पुरुष महाराष्ट्रात सापडणं कठीण. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र, ही सात धातूंची परंपरा जुनी आहे. तिच्यातूनच ‘धात’ हा शब्द बोलीत उतरला. लघवीतून पांढरं काही गेलं की ‘धात चालली’, मग थकवा, पाठदुखी, भूक मंद, कशात लक्ष लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या सगळ्या लक्षणांच्या जुडग्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात नोंदवलं गेलं. थकवा खरा असतो, झोप खरोखर उडालेली असते, पण दोन्ही धातीच्या भीतीतून आलेली. लघवीतलं ते पांढरं बहुतेक वेळा फॉस्फेटचे क्षार असतात, किंवा शौचाला कुंथताना प्रोस्टेटवर दाब पडून आलेले दोन थेंब. वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आपोआप मिटतं, दोन्ही एका नळीतून जात असले तरी एकाच वेळी जात नाहीत. जळजळ असेल, पू असेल, व्रण असेल तर ती गोष्ट निराळी. तो संसर्ग असू शकतो, तपासून घ्यावा लागतो, आणि नेमक्या औषधानं बहुतेक वेळा बरा होतो.

ही भीती आपल्याकडचीच आहे असंही नाही. स्वित्झर्लंडचा डॉक्टर सॅम्युएल तिसो यानं अठराव्या शतकात हस्तमैथुनानं आंधळेपण आणि वेड येतं असं पुस्तक लिहिलं आणि अख्ख्या युरोपला दीडशे वर्षं घाबरवून ठेवलं. युरोपनं पुढे ते पुस्तक अडगळीत टाकलं. हस्तमैथुनानं आंधळेपण येत नाही, लिंग वाकडं होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. कामधंदा, अभ्यास, माणसं सोडून कोणी दिवसभर त्यातच गुंतून राहत असेल तर त्याच्याशी बोलायला हवं, पण ते एवढ्यासाठीच.

या वादाचं एक मोठं प्रकरण सेलूपासून वीस किलोमीटरच्या आत घडलं होतं. डिसेंबर १९३५. गांधीजी तेव्हा सेगावला (पुढचं सेवाग्राम) राहायला गेले नव्हते, त्यांचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत होता. तिथे त्यांना भेटायला आल्या मार्गारेट सँगर, अमेरिकेत संततिनियमनासाठी तुरुंगवास भोगलेल्या परिचारिका. दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. साधनं वापरून मुलं थांबवणं गांधीजींना मान्य नव्हतं. संयम हाच उपाय, आणि वीर्य राखलं की त्याची शक्ती होते, ही त्यांची श्रद्धा होती. फार तर स्त्रीच्या पाळीच्या चक्रातले ‘सुरक्षित दिवस’ त्यांना इतर साधनांइतके खटकले नाहीत. सँगरबाई आपल्या मतावर ठाम राहिल्या नि पुढच्या प्रवासाला निघाल्या. गांधीजींच्या नैतिक धाकाचं बळ एवढं होतं की वीर्यरक्षणाची कल्पना शाळा, आश्रम, आखाडे यांतून पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. ब्रह्मचर्य हा एखाद्याचा व्रताचा निर्णय असू शकतो, आदर करावा. वीर्य राखल्यानं शरीरात शक्ती साठते, हे मात्र शरीरशास्त्रात कुठे बसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला त्याच काळात मुंबईत एक मराठी माणूस बसला होता. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून कॉलेजातली नोकरी गेली, तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. वाचक आपल्या मनातलं विचारत, कर्वे थेट उत्तर देत. हस्तमैथुनानं काही बिघडत नाही, हे मराठीत छापून सांगण्याचं धाडस त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी केलं. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात, तर जाणकारानं उत्तर का देऊ नये? प्रश्नात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानंच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता वर्ध्याचं ते जुनं दुखणं. डासातून येणारा हत्तीरोग हा वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याचा जुना सोबती. हत्तीरोग म्हटलं की सुजून खांब झालेला पाय डोळ्यांसमोर येतो. पण या रोगाचा जंत पुरुषाच्या शरीरात विशेष करून कुठे घर करतो, तर अंडकोषाकडे जाणाऱ्या लसीकावाहिन्यांत. दोऱ्यासारखे पांढरे नर-मादी तिथे वर्षानुवर्षं वेटोळं करून राहतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते वळवळताना दिसतात, डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘फायलेरियाचा नाच’ म्हणतात. जंतांनी वाट खराब केली की वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साचत जातं. हीच अंडवृद्धी, हायड्रोसिल. प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाचीच असते असं नाही, पण ज्या भागात हा रोग आहे तिथे हे कारण आधी आठवावं लागतं. जगभरात अडीच कोटी पुरुषांना हत्तीरोगानं असा त्रास झाला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पाय सुजलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. तरी तो दिसत नाही, कारण तो धोतरा-पायजम्याच्या आत आहे.

अंडवृद्धी दुखत नाही, निदान सुरुवातीला. म्हणून माणूस ती अंगावर काढतो. आधी लिंबाएवढी, मग संत्र्याएवढी, मग सायकलवर बसता येत नाही, वावरात वाकून काम होत नाही. लग्नाचा मुलगा असेल तर घरातले कोणाला कळू देत नाहीत. पत्नीला माहीत असतं, ती बोलत नाही. दवाखान्यात गेलाच तर डॉक्टरला ताप सांगतो, खोकला सांगतो आणि उठता उठता दारापाशी थांबून हळूच म्हणतो, ‘अन् डॉक्टर, एक बात होती जी…’ खरं दुखणं त्या दारापाशी सांगितलेलं असतं. ग्रामीण भागात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला हे दार ओळखीचं असेल.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तचाचण्यांवर दीर्घकाळ संशोधन केलं. रक्तचाचणीची गरज का, हे या जंताच्या सवयीवरून कळतं. त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसांत दडतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. म्हणून हत्तीरोगाचं पथक गावात येतं ते रात्री. जेवणं आटोपून गाव निजायला लागलं की आरोग्य कर्मचारी, आशाताई आणि बॅटरी घेतलेला एखादा गावातला पोरगा दारोदार फिरतो. झोपेतून उठलेल्या माणसाचं बोट पुसायचं, सुई टोचायची, तीन जाड थेंब काचेवर घ्यायचे, पेन्सिलीनं नंबर टाकायचा. ‘रात्रीचं रक्त कशाला?’ असं जो तो विचारतो, नि उत्तर मिळालं की हसतो.

औषध मिळतं. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या सगळ्या गावानं एकाच वेळी घ्यायच्या, कोणी आजारी असो वा नसो. अलीकडे त्यात आयव्हरमेक्टिनची भर पडली. २०१९ च्या सुरुवातीला तीन औषधांची ही मोहीम शेजारच्या नागपूर जिल्ह्यात राबवली गेली. पुष्कळ घरांत गोळ्या घेतल्या जातात नि फळीवर ठेवल्या जातात, म्हणून कर्मचारी ‘माझ्यासमोर खा’ असा आग्रह धरतात. तो आग्रह बरोबर आहे. या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात नि फैलाव थांबतो. वाढलेली अंडवृद्धी मात्र गोळीनं उतरत नाही. सुईनं पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं, शिवाय आत जंतुसंसर्ग व्हायची भीती. तिला ऑपरेशन हाच उपाय, आणि ते मोठं नाही. कंबरेखाली भूल देऊन होतं, पुढे काही आठवड्यांत माणूस कामाला लागतो. रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. गटार तुंबू न देणं आणि संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणं, ही पुरुषाच्या अंडकोषाची काळजीच आहे.

अंडवृद्धी वर्षानुवर्षं थांबते. दुसरं एक दुखणं सहा तासही थांबत नाही. दहा ते वीस वयातल्या मुलाला एकाएकी, कधी झोपेतून उठवणारी, एका बाजूच्या गोटीत भयंकर कळ येते, उलटी होते. वृषण आपल्या देठाभोवती पिळला गेलेला असतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. दिवस गेला तर काढूनच टाकावा लागतो. अशा मुलाची पंचाईत ही की तो लाजेनं ‘पोटात दुखते’ म्हणतो. आई ओवा देते, गरम पाण्याची पिशवी देते, सकाळी बघू म्हणते. सेलूहून सेवाग्राम, वर्धा, सावंगी ही मोठी इस्पितळं अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहेत. म्हणजे अंतर आडवं येत नाही, मुलाला तोंडातून शब्द काढता येत नाही, तिथे घोडं अडतं.

त्याहून आधीची गोष्ट अंघोळ घालणाऱ्या आजीच्या हातातली आहे. काही बाळांचा एक किंवा दोन्ही वृषण जन्माच्या वेळी पोटातच राहिलेले असतात. सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवून, वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्यायचं असतं. पोटातल्या उष्णतेत राहिलेला वृषण पुढे शुक्रजंतू नीट घडवत नाही आणि त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. बाळाला तेल लावताना पिशवीत दोन गोळ्या हाताला लागतात का, हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही.

मूल न होण्याचा विषय निघाला की भाषाच आपल्याला उघडं पाडते. मराठीत ‘वांझ’ म्हटलं की बाईच समोर येते. पुरुषाला लावायला तसा शब्दच नाही. आहे तो ‘नामर्द’, आणि त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. ताठरता येणं हे रक्तवाहिन्यांचं काम, शुक्रजंतू घडवणं हे वृषणाचं. एक उत्तम चालत असताना दुसरं बंद असू शकतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीला असतं. तरी उपासतापास, नवस, दवाखान्याच्या फेऱ्या आणि दुसऱ्या लग्नाची धमकी बाईच्या वाट्याला. वीर्याची तपासणी ही वंध्यत्वाच्या तपासण्यांतली सगळ्यात सोपी आणि स्वस्त. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, सुई नाही, भूल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची रेघ. ती तपासणी आधी करावी, बाईचं पोट नंतर.

कपाशीच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या गप्पांत निघालं, की आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाहीये. ते डीबीसीपी नावाचं कीडनाशक बनवत होते, तपासणीत त्यांच्यातल्या अनेकांचे शुक्रजंतू जवळपास संपलेले आढळले. भारतात कपाशीवर फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मूल होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. फवारणीचा पंप पाठीवर असतो, द्रावण गळून कमरेवरून मांडीत उतरतं आणि अंडकोषाची कातडी फार पातळ. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीनं माणसं दगावली तेव्हा हातमोजे आणि मास्कची चर्चा झाली. ओली झालेली चड्डी-पॅन्ट तिथल्या तिथे बदलावी, हे फारसं कोणी म्हटलं नाही.

आणि खर्रा. पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून पट्टीवर खसाखसा घोटला जातो, तो पुडका खिशात गेला की दिवसाची सोय झाली. ताठरता येते ती लिंगाच्या धमन्या सैलावून त्यात रक्त भरतं म्हणून. या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. तंबाखू, साखरेचा आजार आणि रक्तदाब धमन्या चोंदवायला लागले की बारीक नळी आधी बुजते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची ताठरता सतत कमी पडत असेल तर ती हृदयानं दोन-पाच वर्षं आधी पाठवलेली चिठ्ठी असू शकते. अशा वेळी भिंतीवरच्या तज्ज्ञाकडे जाणारा माणूस शिलाजितावर पैसे घालतो नि साखर तपासायची राहून जाते. १९९८ मध्ये आलेलं सिल्डेनाफिल खरोखर काम करतं, पण हृदयाच्या दुखण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यानं ते घेतलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मेडिकलमधून न विचारता आणायची ती गोळी नव्हे.

नसबंदीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि पुष्कळशा धाकानं. त्या जखमेतून पुरुष जो मागे सरला तो सरलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष-नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत होते. त्यात शुक्रजंतूंची वाट तेवढी बंद होते. वृषण, संप्रेरकं, ताठरता, वीर्य सगळं जिथल्या तिथे. वीर्यातला शुक्रजंतूंचा वाटा किती, हे वर आलंच आहे. ‘मग वावरातलं जड काम होत नाही’ हा समज निव्वळ धातीच्या भीतीचा धाकटा भाऊ.

हे सगळं शाळेत सांगता येतं का? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुरुष प्रजनन संस्थेची आकृती आहे, नावं आहेत. अनेक वर्गांत तो धडा ‘घरी वाचून घ्या’ या तीन शब्दांत संपतो. केंद्राचा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा त्यातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ होऊन २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो थांबवला होता. मात्र गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे नव्वदच्या दशकापासून ‘तारुण्यभान’ शिबिरं घेऊन दाखवली, मुलामुलींना एकत्र बसवून, तांत्रिक शब्दांना न घाबरता. सेवाग्रामच्या संस्थेनं खेड्यांत मुलींच्या ‘किशोरी पंचायती’ उभ्या केल्या. मुलांसाठी तितक्या जोरानं काही उभं राहिलेलं नाही. मुलगा आपसूक शिकतो असं आपण धरून चालतो. आज तो मोबाइलवर शिकतो. तिथे त्याला दुसऱ्याचं शरीर कसं वापरायचं ते दिसतं. स्वतःचं कसं चालतं, आणि समोरच्यानं ‘नको’ म्हटलं की थांबायचं असतं, हे तिथे कोणी शिकवत नाही.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत सल्ला केंद्रं आहेत, महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथे मुलाला आपल्या शंका विचारता येतात, पैसे पडत नाहीत आणि बोललेलं बाहेर सांगितलं जात नाही. अंडवृद्धीची शस्त्रक्रियाही सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यासाठी आशाताईंकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवावं लागतं. ते नाव स्वतः जाऊन सांगायला लाज वाटत असेल, तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसानं सोबत जावं, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर ताप-खोकल्याच्या आधी तेच दुखणं सांगावं.